खुराड्यात चातुर्वर्ण्य शोधणाऱ्यांना उत्तर

मागच्या महिन्यात माझा पुतण्या कॉलेजातून आला, दप्तर ओट्यावर टाकलं आणि थेट परसात कोंबड्यांजवळ जाऊन बसला. अकरावीला आहे. जेवायला हाक मारली तरी उठेना. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "काका, कोंबड्यांत पण जात असते का?"

झालं असं होतं. वर्गात आरक्षणावरून वाद सुरू झाला आणि एका मुलानं मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. त्यात एक सद्गृहस्थ मोठ्या आत्मविश्वासानं सांगत होते की कोंबड्यांमध्ये 'पेकिंग ऑर्डर' असते, हे युरोपातल्या शास्त्रज्ञानं सिद्ध केलेलं आहे, वरची कोंबडी खालचीला टोचते, खालची तिच्याही खालचीला. म्हणजे उच्चनीच निसर्गातच आहे, आपल्या पूर्वजांनी ती फक्त ओळखली आणि तिला व्यवस्थेचं रूप दिलं. पोरं हसली. कुणीतरी "जा, तुमच्या कोंबड्यांना विचार" असंही म्हणालं. आणि आमचा पोरगा गप्प बसला.

मला वाईट वाटलं ते या गप्प बसण्याचं. ज्याच्या घरात वीस-बावीस कोंबड्या आहेत, जो लहानपणापासून रोज संध्याकाळी खुराड्याचं फळकूट लावतो, त्याला कोंबड्यांबद्दल दुसरा कुणी मोबाईलवरून शिकवतो आणि हा ऐकून घेतो! मित्रांनो, हा व्हिडिओ नाहीतर असाच दुसरा एखादा तुमच्याही मोबाईलवर येणार आहे. धर्मग्रंथाचा आधार देणं आता अवघड झालंय, म्हणून विज्ञानाचा आधार शोधणं सुरू आहे. तेव्हा एकदा सविस्तर बोलू, आणि ज्यांना साक्षीला बोलावलंय त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

आधी खरं आहे तेवढं मान्य करून टाकतो. कोंबड्यांमध्ये टोचण्याची उतरंड असते. नॉर्वेतला थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे हा माणूस लहानपणापासून कोंबड्या पाळायचा. कोण कुणाला टोचतं याच्या तो नोंदी ठेवायचा. पुढे १९२२ मध्ये त्यानं त्यावर शास्त्रीय लेख छापला आणि 'पेकिंग ऑर्डर' ही कल्पना जगभर गेली. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. मूठभर ज्वारी फेका आणि बघा, कोण आधी येतं आणि कोण बाजूला उभं राहतं ते कळतंच. पण व्हिडिओतल्या गृहस्थांनी एक गोष्ट सांगितली नाही. एब्बेलाच ही उतरंड सरळ सापडली नव्हती. पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला, असे त्रिकोण त्यालाही दिसले होते. आमच्याकडे आज असा एक त्रिकोण आहे. काळी भुरीला टोचते, भुरी मानउघडीला, आणि मानउघडी समोर आली की काळी वाट सोडते. यात ब्राह्मण कोण आणि शूद्र कोण ते त्या गृहस्थांनी येऊन ठरवावं.

आता आमच्या कोंबड्यांबद्दल. (मी कोंबड्यांवर बोलायला लागलो की घरचे उठून जातात, तुम्हाला तेवढी मोकळीक आहेच.)

आमचं घर तेलगावात. बीडहून परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरला जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात, जवळच साखर कारखाना आहे. पण कारखाना दारात असूनही दिवाळी झाली की वस्तीतली निम्मी घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता बांधून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. ट्रॅक्टरवर भांडी, अंथरुणं आणि वर डालग्यात एक-दोन कोंबड्या. ज्या नेता येत नाहीत त्या शेजारी राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या भरवशावर. कोंबडी हे आपल्या वस्तीत बाईचं धन आहे. शेळी विकायची तर नवऱ्याला विचारावं लागतं, अंडी आणि कोंबडा विकायला विचारावं लागत नाही. माझ्या पहिल्या वर्षाची कॉलेजची फी आईनं तीन कोंबडे आणि एक शेळी विकून भरली होती. शेळीवरून घरात भांडण झालं, कोंबड्यांवरून झालं नाही.

माझी आजी निजामाच्या काळातल्या गोष्टी सांगायची. गावात कुणी अंमलदार मुक्कामाला आला की कोंबडं आपल्याच वस्तीतून जायचं, आणि पैसे मागायची सोय नव्हती. अंमलदारातून वाचलेलं कोंबडं मरीआईला जायचं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर हळूहळू आमच्या घरातून देवीला कोंबडं जाणं थांबलं, तेव्हा आजी म्हणाली होती म्हणे, "आता कुठं हे कोंबडं आपलं झालं." आधी आपल्याकडून कोंबडं नेलं, आता त्याच कोंबड्याच्या तोंडून आपल्याला खालचे ठरवायचं चाललंय.

तर दोन वर्षांपूर्वी आमची भुरी कोंबडी खुडूक झाली. तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी आठ पिलं निघाली. त्यातली एक घारीनं नेली. उरलेल्यांत तीन तलंगा आणि चार कोंबडे. आई एक, खुराडं एक, दाणा एक. बाप कोण ते मात्र मी छातीठोक सांगणार नाही, वस्तीत कोंबड्यांना कुंपण नाही. या चार भावांचं पुढे काय झालं ते लक्षात घ्या, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे.

पहिल्याला पुतण्यानं नाव दिलं फौजदार. तांबडा, मानेवर सोनेरी पिसं, चाल अशी की चौकात बंदोबस्ताला उभा आहे. दाणा दिसला की स्वतः खायचा नाही. 'कुक् कुक् कुक्' करून कोंबड्यांना बोलवायचा, दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकायचा, त्या खाईपर्यंत मान वर करून आभाळाकडे बघत उभा. घार दिसली तर एक बारीक, लांबट शिट्टीसारखा आवाज, आणि सगळ्या जिथे असतील तिथे दबून बसायच्या. कुत्रं किंवा मुंगूस आलं तर वेगळा, तुटक तुटक कलकलाट. हे दोन इशारे वेगळे असतात आणि कोंबड्यांना त्यातला फरक कळतो, हे शास्त्रज्ञांनीही ध्वनिमुद्रणं ऐकवून तपासलेलं आहे.

दुसरा लांड्या. लहानपणी शेपटीची पिसं दाराच्या फटीत सापडून गेली, ती नंतर आली पण नाव राहिलं. हा कुत्र्याच्या अंगावर जायचा. खरंच जायचा, शेजारचं कुत्रं आमच्या परसात यायचं बंद झालं. पण भावांपुढे भित्रा. फौजदारानं नुसती मान फुगवली की हा चुलीमागे.

तिसरा पुढारी. याचं नाव मी ठेवलं. हा सुद्धा 'कुक् कुक्' करून बोलवायचा, पण खाली दाणा नसायचा. कोंबड्या धावत यायच्या, तिथे काडी नाहीतर खडा. काही कोंबडे असं खोटं बोलावतात हीदेखील नोंदलेली गोष्ट आहे, आमच्याकडेच आहे असं नाही. पंधरा-वीस दिवसांत कोंबड्यांनी त्याच्या हाकेला जाणं सोडलं. माणसांना वेळ लागतो. आपल्या चळवळीत रिकाम्या हाकेला पन्नास वर्षं धावणारे लोक मी पाहिलेत, त्यात काही वर्षं मी पण होतो.

चौथा मुका. सगळ्यांच्या नंतर आरवायला लागला आणि आरवायचा तोही कमी. पण दुसऱ्या एका कोंबडीची पिलं तिला बोक्यानं मारल्यावर पोरकी झाली, तर हा कोंबडा रात्री त्यांच्याजवळ बसायचा. पिलं त्याच्या पंखाखाली शिरायची आणि तो हलायचा नाही. कोंबडा असं करतो हे मी आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना, बॅटरी घेऊन तिला दाखवलं.

आता हे चार भाऊ चार वर्णांत बसवून दाखवा. रक्षण करतो म्हणून फौजदार क्षत्रिय म्हणाल, तर कुत्र्यावर जाणारा लांड्या कोण? पिलं सांभाळणारा मुका कोणत्या खान्यात टाकायचा? आणि चारही एकाच आईचे आहेत हे विसरू नका. 'वर्ण जन्मावर नाही, गुणकर्मावर आहे' असं म्हणणारी एक गोड मंडळी असते, तिला बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये उत्तर दिलेलं आहे. प्लेटोनं माणसांचे तीन वर्ग पाडले त्याचा दाखला घेऊन त्यांनी सांगितलं की माणसामाणसांत इतकं वेगळेपण असतं की त्यांना तीन-चार ठरलेल्या खान्यांत कोंबणं हेच मुळात चुकीचं आहे. ते पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी ते वाचावं, माझा लेख नंतर वाचला तरी चालेल. मी फक्त एवढंच सांगतो की जे माणसांच्या बाबतीत जमत नाही ते कोंबड्यांच्या बाबतीतही जमत नाही.

पुढची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. पहिलं वर्ष फौजदार सगळ्यांत वरचा होता. मागच्या पावसाळ्यात मुंगसानं त्याच्या मांडीला चावा घेतला. आठ दिवस तो कडब्याच्या गंजीखाली पडून होता, हळद लावली, पाणी पाजलं, वाचला. पण बाहेर आला तेव्हा पुढारी उकिरड्यावर उभा. पाच मिनिटं झुंज झाली, तुरे रक्ताळले, आणि फौजदार मान खाली घालून बाजूला झाला. त्या दिवसापासून तो तिसऱ्या नंबरला. त्याची जात बदलली का? रक्त बदललं का? त्याचे दोन पोरगे होते, ते 'आमचा बाप फौजदार होता' म्हणून वर राहिले का? नाही, ते कोवळे होते म्हणून खाली होते आणि आता मोठे झाले तसे वर सरकतायत. आणि पुढारी तरी टिकला का? दिवाळीच्या सुमारास त्याची पिसं झडली, अंगातला जोर गेला आणि चुलीमागे लपणाऱ्या लांड्यानं त्याला एका सकाळी हाकलला. लांड्या! आम्ही सगळे बघतच राहिलो.

सकाळच्या आरवण्यातही हेच दिसतं. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले तरी पहाटेच्या सुमारास आरवतात, कारण वेळ त्यांच्या शरीरातल्या घड्याळात असते. कोंबडं झाकण्याची आपली म्हण तिथे कुणाला माहीत नसावी. मग २०१५ मध्ये त्यातल्याच संशोधकांनी पुढची गोष्ट छापली. गटात पहिल्यांदा आरवतो तो सर्वांत वरचा कोंबडा, बाकीचे आपापल्या क्रमानं त्याच्यामागे. व्हिडिओवाल्यांना हे वाचून आनंद होईल. पण त्याच अभ्यासात हेही आहे की पहिला कोंबडा गटातून काढला की दुसरा आरवायला सुरुवात करतो. त्याच्या घशात शिसं ओतलं जात नाही. जागा मोकळी झाली की ती ज्याची पाळी त्याची.

३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. ज्या मजल्यावर जन्मायचं त्याच मजल्यावर मरायचं. आमच्या खुराड्यात दोन वर्षांत तीन वेळा वरचा बदलला. अशा उतरंडीला जातिव्यवस्थेची आई म्हणणं म्हणजे कोंबड्यांची बदनामी आहे. आणखी एक फरक पाहा. कोंबड्यांत वर असण्याची किंमत वरचाच मोजतो. घारीचा इशारा देताना तोच उघड्यावर उभा असतो, मुंगूस फौजदाराला चावलं, मागे बसलेल्या मुक्याला नाही. आपल्याकडे वरचे बसले सावलीत आणि गटारात उतरला कोण, उसाच्या फडात रात्री सापावर पाय पडला कुणाचा, हे मी बीड जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको.

शुद्ध रक्ताचा मुद्दा राहिला. चौकात बाजाराच्या दिवशी लोक 'अस्सल गावरान' मागतात आणि पिवळे पाय बघून घेतात. २००८ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. पाळीव कोंबड्यांचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण त्यांच्या पिवळ्या कातडीचा जनुक आलाय राखी रानकोंबड्याकडून. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेत राहणारा. म्हणजे ज्या पिवळ्या पायांवरून अस्सलपणा ठरवतो, तेच पाय मिश्रणाचा पुरावा आहेत! त्यात मागच्या तीस-चाळीस वर्षांत योजनांमधून गिरिराज, वनराजा, आर.आय.आर. वस्तीवस्तीत आले. आमच्या भुरीच्या अंगात यातलं काय काय आहे ते तिलाच ठाऊक. अंडी व्यवस्थित देते.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी खुराड्याला समतेचा नमुना म्हणून उभा करतोय. नाही. सगळ्यांत खालच्या कोंबडीचे हाल मी पाहिलेत. मानउघडी पूर्वी इतकी टोचली जायची की तिच्या डोक्यावर पीस राहिलं नव्हतं. अरुंद जागेत कोंबड्या दाटल्या आणि दाणा एकाच ठिकाणी पडला तर टोचून टोचून जीवही घेतात. ते बघून मी काय केलं? 'निसर्गाची व्यवस्था आहे' म्हणून हात जोडून उभा राहिलो नाही. एकाऐवजी तीन ठिकाणी दाणा टाकायला लागलो. एक पाण्याचं भांडं वाढवलं. खुराड्यात वरच्या बाजूला आणखी एक आडवं लाकूड बसवलं, म्हणजे जिला पळायचंय तिला जागा. दोन महिन्यांत मानउघडीचं डोकं पिसांनी भरलं, आणि आज ती त्या त्रिकोणात काळीला हटवते. वरच्या कोंबड्या उपाशी मेल्या नाहीत. त्यांची अंडी कमी झाली नाहीत. 'आमचा दाणा पळवला' म्हणून त्यांनी मोर्चाही काढला नाही.

पुतण्याला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, "म्हणजे तिसरं भांडं म्हणजे आरक्षण." मी म्हटलं, आरक्षण त्याहून बरंच मोठं आहे. मी दाणा टाकतो ती माझी मर्जी, उद्या टाकला नाही तर मानउघडी माझ्यावर दावा लावू शकत नाही. तुझा हक्क संविधानात लिहिलेला आहे, तो कुणाच्या मर्जीवर नाही. कोंबडीला मालकाच्या दयेवर जगावं लागतं. तुला नाही. यावर तो थोडा वेळ विचार करत होता.

शेवटचा प्रश्न त्यानंच विचारला, आणि तो सगळ्यात चांगला होता. "पण काका, कोंबड्यांत वरचा खरंच कायमचा वरचा राहिला असता तर? मग त्यांचं बरोबर झालं असतं का?" समजा उद्या असा एखादा पक्षी सापडला की ज्यात राजाचं पिलू राजा आणि चाकराचं पिलू चाकर, मग काय करायचं? मुंग्यांमध्ये, मधमाश्यांमध्ये जन्मावर काम ठरतं असं कुणीतरी काढेलच. बाबासाहेबांनी त्याच पुस्तकात समतेचा विचार करताना हेही मान्य केलंय की माणसं सगळ्या बाबतींत सारखी नसतात, शरीरानं, वारशानं, प्रयत्नानं वेगळी असतात. समता ही कल्पना आहे असं कुणी म्हटलं तरी समाज चालवायचा तर तीच धरून चालवावी लागते, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे समतेसाठी आपण निसर्गाकडे दाखला मागायला गेलेलोच नाही. निसर्गात मानमोडीची साथ पण आहे, ती आली की एका आठवड्यात अख्खं खुराडं रिकामं होतं. तिला नैसर्गिक म्हणून आपण बसून राहतो का? पशुवैद्यकीय दवाखान्यातून लासोटा आणतो आणि पिलांच्या डोळ्यात थेंब टाकतो.

म्हणून तरुण मित्रांना एकच विनंती. असा वाद निघाला की लगेच ग्रंथांकडे पळू नका, आणि गप्प तर अजिबात बसू नका. ज्या गोष्टीचा दाखला समोरचा देतोय ती तुमच्या घरात, रानात, फडात तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त जवळून पाहिलेली असते. कोंबडी, शेळी, ऊस, पाऊस, यातलं काहीही काढलं तरी बहुतेक वेळा तुम्हालाच जास्त माहिती असेल. आधी ते सांगा. बाबासाहेबांचं पान त्यानंतर उघडा, जास्त पटेल.

पुतण्यानं मागच्या आठवड्यात वर्गात हे सगळं सांगितलं. चार भावांची गोष्ट, पिवळे पाय, तीन भांडी. व्हिडिओ दाखवणाऱ्या मुलानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग आत्ता तुमच्याकडं वरचा कोण आहे?" याला सांगता येईना. कारण रविवारपासून फौजदाराच्या थोरल्या पोरानं लांड्याला रोज सकाळी उकिरड्यावर गाठायला सुरुवात केलीय, आणि निकाल अजून लागलेला नाही. तो मुलगा म्हणाला, येत्या रविवारी येऊन बघतो. आईनं त्याच्यासाठी अंडी बाजूला ठेवली आहेत.